पायमोजे कंपाउंडर

आप्पांनी उभ्या जन्मात कधी पायमोजे घातले नाहीत. दवाखान्याच्या फरशीवर काय आणि किनाऱ्याच्या वाळूत काय, ते सदा अनवाणीच. "वहाण घातली की माणूस बेफिकीर होतो," असं म्हणायचे. तरी रेवदंड्याच्या खाडीपासून थेट काशीदपर्यंत लोक त्यांना ओळखत ते ‘पायमोजे कंपाउंडर’ म्हणून. विंचू दिसला की हा माणूस आधी त्याचे पाय मोजायला बसतो, एवढंच त्या नावाचं मूळ. कोळीवाड्यातल्या कुणीतरी ते पाडलं होतं. आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त दुरुस्ती केली. "मोजायचे काय त्यात? आठच असतात. मी पाय वाचतो."

मी त्या दवाखान्याच्या गावी मराठी शाळेवर मास्तर म्हणून आलो तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. वय एकवीस. ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पास झालो होतो आणि गर्व मात्र चार परीक्षांचा होता. राहायला आप्पांच्या घराची पडवी मिळाली. सामान टेकवून वर पाहिलं, तर फळीवर ओळीनं बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत स्पिरिटमध्ये एकेक विंचू. माझा चेहरा बघून आप्पांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला विंचवाचं भय वाटतं?"

"वाटतं," मी खरं ते सांगितलं.

"उत्तम. म्हणजे तुम्ही नीट बघाल."

आप्पा उंचीनं बेताचे, मिशा पांढऱ्या पण भुवया काळ्याकुळकुळीत. धोतराच्या सोग्याला एक भिंग दोऱ्यानं बांधलेलं असे. जेवताना ते भिंग आमटीत बुडू नये म्हणून काकू त्यांच्या शेजारी बसून सोगा सांभाळत. काकूंची तक्रार एकच होती, आणि ती त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. "माझ्या पायात जोडवी आहेत की नाहीत ते ह्यांना सांगता यायचं नाही. पण विंचवाच्या तिसऱ्या पायाला काटा आहे की नाही, ते झोपेतून उठवून विचारा!" यावर आप्पा भाताचा घास थांबवून म्हणत, "तुझी जोडवी चावत नाहीत ना!"

विंचवाच्या पायाला सात भाग असतात हे मला आप्पांकडून कळलं. इंग्रजी पुस्तकातली नावं त्यांना पाठ होती, पण ती त्यांना आवडत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती: खुबा, कटोरी, मांडी, वाटी, नडगी, घोटा आणि पाऊल, आणि पावलाच्या टोकाला दोन नख्या. ही नावं मला पाठ व्हावीत म्हणून ते दवाखान्याच्या ओट्यावर धोतर वर खोचून उभे राहत आणि स्वतःच्या पायावर पट्टीनं एकेक जागा दाखवत. माणसाच्या पायात सात भाग काही भरत नाहीत, मग उरलेले दोन ते मनानेच कुठेतरी घुसडत. पुढचे दोन चिमटे पायांत धरायचे नाहीत, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. "ते हात आहेत. हाताला पाय म्हटलेलं तुम्हाला चालेल का, मास्तर?" एकदा औषधाला आलेल्या तलाठ्याचाच पाय पुढे ओढून त्यांनी मला ‘वाटी’ दाखवली. तलाठी गुडघेदुखीचं औषध घ्यायला आला होता. तो औषध न घेताच गेला.

पण हा नुसता छंद नव्हता. आमच्या किनाऱ्यावर विंचू चावलेला माणूस दवाखान्यात येतो तो हातात विंचू घेऊनच. तो विंचू वहाणेनं ठेचलेला असतो. रंग मातीचा झालेला, नांगीचा पत्ता नाही, धडाचा चिखल. शाबूत राहतात ते पाय. काळा असेल तर रात्रभर ठणकतं आणि सुटतं, पण लाल असेल तर चार तासांनी माणूस हातचा जाऊ शकतो. कोणता चावला ते लवकर कळलं पाहिजे. पंचवीस वर्षं असले चिखल पाहून आप्पांनी शोधून काढलं होतं की लालाच्या मागच्या दोन जोड्यांत, नडगी संपते तिथे, भिंगाखाली एक बारीक काटा दिसतो. मोठ्या काळ्याला तो नसतो. "रंगावर जाऊ नका, पायावर जा," असं ते नव्या डॉक्टरांना सुद्धा सांगत.

हे किती खरं आहे ते मी हिरूबायच्या वेळी पाहिलं. कोळीवाड्यातली ही धिप्पाड बाई मासळीची पाटी डोक्यावर आणि पानाच्या डबीत ठेचलेला विंचू घेऊन सकाळी दवाखान्यात आली. डॉक्टरांनी जखमेवर औषध लावलं, ठणका कमी झाला, आणि ती उठली.

"आता न्हाय दुखत, आप्पा. जाऊ दे मना. होरी सुटंल माजी."

आप्पांनी पानाच्या डबीतला एक पाय चिमट्यानं उचलून उजेडात धरला होता. त्यांनी भिंग आणि पाय दोन्ही डॉक्टरांच्या हातात दिले आणि स्वतः जाऊन दाराची कडी लावली.

"हिरूबाय, आज होडी गेली तर उद्या दुसरी आहे. बस खाली."

"इचू काळा व्हता रं! मीच ठेचलाय न्हवं त्याला?"

"तुझ्या वहाणेनं काळा झाला तो. बस."

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि तिला ठेवून घेतलं. दुपारी तिला घामाच्या धारा लागल्या, हातपाय गार पडले, श्वास लागला. डॉक्टर तिच्या उशाशी बसून होते आणि आप्पा तिच्या पायांना गरम विटा लावत होते. होडीत असती तर खाडीच्या मधोमध गेली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माजी पाटी कुनी नेली?" तेव्हा आप्पा दवाखान्याच्या मागे जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

स्पिरिटचीही एक गंमत झाली. दवाखान्याचा शिपाई धर्मा याला प्यायची सवय होती. एका शिमग्याला दारू मिळेना म्हणून त्यानं आप्पांच्या फळीवरची एक बाटली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी बाटली हातात घेऊन खाली मान घालून उभा राहिला. "आप्पा, मी चोर न्हाय. सात पाय बाटलीतच हायत, मोजून घ्या."

"आणि आठवा?"

"त्यो वाटेत असंल."

आप्पांनी बाटलीत नवं स्पिरिट घातलं आणि चिठ्ठीवर विंचवाच्या नावाखाली लिहिलं, ‘डावा दुसरा पाय धर्माकडे.’ ती चिठ्ठी पुढे कितीतरी वर्षं तशीच होती.

सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर जात असू. सुरूच्या झाडांखाली, मर्यादवेलीच्या जाळ्यात, वाळूला भोकंच भोकं. गोल भोक खेकड्याचं, आणि भाकरीचा चंद्रकोरी तुकडा तोडावा तसं चपटं भोक विंचवाचं. आप्पा वाळूवर पालथे पडत आणि उलथन्यानं उकरत. वाळूतले विंचू फिकट, भुरे. ते धरून ते बाटलीत घालत, आणि जमले की मुंबईच्या एका संग्रहालयातल्या प्रोफेसरांकडे पार्सलनं पाठवत. हे प्रोफेसर पारशी होते, विंचवांवरचे मोठे जाणकार. त्यांचं उत्तर दरवेळी एका ओळीचं येई, नमुने पोचले, सर्व कॉमन. कधी ते नाव लिहून एखादा नमुना परत पाठवत. अकरा वर्षांत आप्पांनी त्यांना दीडएकशे विंचू पाठवले होते आणि प्रत्येक उत्तरात ‘कॉमन’च वाचलं होतं. "कॉमन," ते कार्ड काकूंना दाखवत म्हणत. "आपला विंचू कॉमन, आपलं गाव कॉमन, आपणही कॉमन."

मग एकदा प्रोफेसरांचं पत्र आलं की पार्सलमध्ये पाय मोडतात, चांगला चित्रकार असेल तर पायांची चित्रं काढून पाठवा. आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

एका विंचवाचे चार पाय काढायचे, एका बाजूचे. भिंगातून बघायचं, काढायचं, आप्पांना दाखवायचं. "वाटी लांब झाली, मास्तर." पुन्हा काढायचं. "नख्या तुमच्या आहेत, त्याच्या नाहीत." पुन्हा. सलग चार रविवार मी त्या पडवीत घालवले. शाळेतले दुसरे मास्तर काशीदला जाऊन कोवळे नारळ पीत होते आणि मी वाळूतल्या भुऱ्या विंचवाचा चौथा पाय सहाव्यांदा काढत होतो. पाय गुळगुळीत. काढायला काहीच नाही. माझ्या हातात नवा बारीक निब होता. त्या निबानं किती नाजूक रेघ येते ते बघावं, म्हणून मी घोट्याच्या भागावर एक केस काढला. सुरेख आला. मग शेजारी दुसरा. कंगव्याच्या दातांसारखे ओळीनं अकरा केस काढले, आणि पाय एकदम ऐटबाज दिसायला लागला. पुसायला हवे होते. पण मी वैतागलो होतो, आणि आप्पा त्या वेळी दवाखान्यात होते. ते आले तेव्हा टपाल निघायची वेळ झाली होती. त्यांनी वरवर पाहिलं, "वा!" म्हणाले आणि पाकीट बंद केलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन पानं! प्रोफेसरांनी लिहिलं होतं की घोट्यावर केसांचा असा कंगवा वाळवंटी मुलखातल्या विंचवांना असतो. सुटी वाळू पायाखाली सरकू नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. आपल्या किनाऱ्यावर असा विंचू कुणी पाहिलेला नाही. तो नवा ठरला तर त्याला तुमचंच नाव देता येईल. मी स्वतः येतो आहे.

त्या पत्रानं गावात जत्राच भरली. आप्पांनी शिंप्याकडे कोट टाकला. हिरूबाय म्हणाली, "इचवाला आप्पाचा नाव? मंग त्यो आमाला डसाचा न्हाय." काकूंनी अनरश्यांचे तांदूळ भिजवले, आणि त्यांच्या तोंडून जोडव्यांचा विषय पंधरा दिवस निघाला नाही. त्यांना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेच मला जास्त खात होतं.

मी रोज पहाटे किनाऱ्यावर जाऊन भोकं उकरायला लागलो. केसाळ पायाचा एक विंचू, देवा, एकच! चाळीस विंचू धरले, दोनदा चावून घेतलं, सगळे गुळगुळीत. आणि आप्पा? ते जेवताना सहज विचारत, "मास्तर, ते केस तुम्ही नीट पाहिलेत ना?"

"हो."

"सकाळच्या उजेडात?"

"हो."

"टोकाशी वळलेले होते का सरळ?"

मी ताट सारून उठत असे. काकू म्हणत, मास्तरांना बरं नाही वाटतं.

प्रोफेसर यायचे त्या दिवशी सकाळी माझा धीर सुटला. आप्पा नवा कोट घालून ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. केस मी काढले. तसे केस नाहीत. निब नवा होता.

आप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "किती काढलेस?"

इतके दिवस ते मला ‘तुम्ही’ म्हणत. त्या ‘काढलेस’नं माझे कान लाल झाले. "अकरा."

"प्रोफेसरांनीही अकराच मोजलेत. पत्र आलं त्याच दुपारी बाटली काढून बघितली."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पंचवीस वर्षं पाय बघतोय मी. तुझा एक केस मला चुकवेल होय? तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो. पंधरा दिवस घेतलेस."

"मग प्रोफेसरांना कळवलं का नाहीत?"

त्यांच्या काळ्या भुवया वर गेल्या. "कळवलं असतं तर ते आले असते का?" आणि ते लहान मुलासारखे हसले. मलाही हसू फुटलं. तेवढ्यात ते थांबले, आणि त्यांचा आवाज बदलला. "पण एक ऐक. त्या चित्रावरून उद्या कुठल्यातरी दवाखान्यात माझ्यासारखा एखादा कंपाउंडर विंचू ओळखायला बसेल. समोर हिरूबायसारखी कुणी असेल. तुझ्या निबाची ऐट त्या बाईला परवडणार नाही."

प्रोफेसर आगबोटीनं रेवसला उतरून, टांग्यातून हाडं खिळखिळी करून घेत, तरीनं खाडी ओलांडून दुपारी पोचले. गोरेपान, घामाघूम, डोक्यावर काळी टोपी. आप्पांनी त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, आधी वाईट ते सांगतो. ते केस खोटे आहेत. चित्रकाराचा हात सैल सुटला. आत या, सरबत घ्या."

प्रोफेसर दारातच उभे राहिले. "खोटे? अरे बावा, मी आगबोटमधी ओकत ओकत आलो ते खोट्या केससाठी?"

"मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. मी कळवलं नाही. तो दोष माझा."

"का नाय कळवला?"

"अकरा वर्षं तुम्ही आमच्या विंचवांना कॉमन म्हणता. एकदा येऊन बघावं असं वाटत होतं."

प्रोफेसरांचा चेहरा असा लाल झाला की मी काकूंच्या मागे सरकलो. त्यांनी परतीच्या टांग्याची चौकशी केली. टांगा केव्हाच गेला होता, आणि बोट दुसऱ्या दिवशीची. काकूंनी अनरश्यांचं ताट पुढे ठेवलं. प्रोफेसरांनी एक खाल्लं, मग दुसरं. तिसरं खाताना त्यांची नजर फळीवर गेली.

आप्पांनी बाटल्या रंगावर किंवा आकारावर लावलेल्या नव्हत्या, पायांवर लावल्या होत्या. काटा असलेले इकडे, नसलेले तिकडे. सुट्या वाळूतले एका ओळीत, दगडाखालचे दुसऱ्या, घराच्या कुडातले तिसऱ्या. प्रोफेसर उठले आणि एकेक बाटली उजेडात धरून बघू लागले. धर्माची चिठ्ठी वाचून त्यांनी तिचा अर्थ विचारला, आणि तो कळल्यावर इतके हसले की टोपी पडली. त्या हसण्याचा फायदा घेऊन आप्पांनी कोनाड्यातून एक पेटी काढली. प्रोफेसरांनीच नाव लिहून परत पाठवलेले सहा लहान तपकिरी विंचू तिच्यात होते, सहाही एकाच नावाचे.

"साहेब, रागावू नका. यातल्या पाचांच्या तिसऱ्या-चौथ्या पायाला काटा आहे. सहाव्याच्या एकाही पायाला नाही."

प्रोफेसरांनी आपलं भिंग काढलं. खिडकीशी बसले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, सहावा बराच वेळ पाहिला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातातलं पीठ वाळत होतं.

"मारी भूल छे," प्रोफेसर शेवटी म्हणाले. "हे दोन जातना विंचू आहेत. मी एक नाव लिवला." त्यांनी सहाव्या चिठ्ठीवरचं आपलं अक्षर स्वतः खोडलं आणि नवं नाव लिहिलं.

तो विंचूही नवा नव्हता. त्याला आधीच नाव होतं, फक्त चुकीच्या पेटीत पडला होता. आप्पांचं नाव कुठल्याही विंचवाला लागलं नाही, कधीच नाही. पण प्रोफेसर दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. चार दिवस राहिले, आणि दोघं म्हातारे वाळूत पालथे पडून एकमेकांशी भांडले. जाण्यापूर्वी त्यांनी ठरवलं की ठेचलेला विंचू पायांवरून कसा ओळखायचा, याचा एक तक्ता करून किनाऱ्यावरच्या दवाखान्यांना वाटायचा. चित्रं कुणी काढायची, असा प्रश्न निघाला. प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"हाच काढेल," आप्पा म्हणाले. "ह्याच्याइतका घाबरलेला चित्रकार तुम्हाला मुंबईत मिळायचा नाही."

तो तक्ता मी सात महिने काढला. एकेक रेघ ओढण्यापूर्वी तीनदा भिंगातून बघायची सवय लागली, ती आजवर सुटलेली नाही. पुढे मी बरीच चित्रं काढली, काही लोकांना आवडली. कुणी म्हणालं की यांच्या चित्रात कल्पना कमी आहे, तर मला बरं वाटतं.

आप्पा निवृत्त होऊन पालीजवळच्या आपल्या गावी गेले. समुद्र नाही, वाळू नाही. मीही बदली होऊन दूर गेलो. सहासात वर्षांनी बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी उतरलो. काकू गेल्या होत्या. आप्पांना मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांना. माझा आवाज ऐकताच म्हणाले, "मास्तर, आलास! नदीकाठच्या रेतीत एक सापडलाय. चार दिवस थांबलोय, कुणाचे तरी बघणारे डोळे मिळावेत म्हणून." पुतण्यानं बाटली आणून दिली. आप्पांनी भिंग सोग्यावरून सोडलं आणि माझ्या हातात ठेवलं.

मी अंगणात जाऊन बसलो. ते शेजारी, समोर बघत. "तिसरा पाय?"

"काटा आहे."

"चौथा?"

मी बघितलं, बाटली फिरवली, पुन्हा बघितलं. "चौथ्याला आहे, पण फार लहान."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला प्रोफेसरांना पत्र लिहायला बसवलं आणि शब्द न् शब्द सांगितला: जागा, रेती, रंग, काटे. पत्र पूर्ण झालं तेव्हा मी त्यांची सही घ्यायला टाक पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

"सही तुझी कर. पाहणारा तू."

मी सही केली. त्यांनी बोटानं शाई वाळली का ते चाचपून पाहिलं, पत्राची घडी घातली, आणि मी देतो म्हणत असताना काठी घेऊन ते स्वतःच टपालात टाकायला निघाले.